जलद गाडीला वाट देताना

रेल्वेच्या रुळाजवळ ज्यांचे गाव आहे, त्यांना 'क्रॉसिंग' हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. पॅसेंजर गाडी लहानशा स्टेशनात येऊन थांबते. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, तरी गाडी हलत नाही. मग कोणीतरी जाणता सांगतो, "क्रॉसिंग आहे, मागून मेल येतेय." थोड्या वेळाने ती मेल धडधडत निघून जाते आणि मगच आपल्या गाडीला हिरवा सिग्नल मिळतो. रेल्वेच्या वेगाचा इतिहास लिहिणारे बहुधा त्या पुढे गेलेल्या गाडीबद्दल लिहितात. आज आपण दोन्ही गाड्यांचा विचार करू. जी पुढे गेली तिचा, आणि जी तिला वाट देऊन उभी राहिली तिचाही.

हा विषय आताच काढण्याचे कारण उघड आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नव्या वेगवान गाड्या सुरू झाल्या आहेत. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी पहिली वंदे भारत गाडी दिल्लीहून वाराणशीला गेली. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईहून सोलापूर आणि शिर्डी अशा दोन गाड्या सुरू झाल्या आणि २७ जून २०२३ ला मडगावची. मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा मार्गही बांधला जात आहे. या गाड्यांविषयी सर्वांत जास्त चर्चा कोण करीत असेल, तर रेल्वेप्रेमी मंडळी. इंजिनांचे क्रमांक पाठ असलेली, जुनी वेळापत्रके जपून ठेवणारी, पुलाच्या कडेला कॅमेरा घेऊन तासन्‌तास उभी राहणारी ही माणसे आता गावोगाव आढळतात.

या मंडळींत मोठे मतभेद आहेत. काहींना नव्या गाडीचे मनापासून कौतुक आहे. आपल्याच देशात, चेन्नईच्या कारखान्यात बांधलेली, वेगळे इंजिन नसलेली गाडी चाचणीत ताशी १८० किलोमीटरने धावली, याचा त्यांना अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. काहींना जुन्याची ओढ आहे. घाटात मागून रेटणारे इंजिन, खिडकीतून येणारा वारा, स्टेशनावरचा चहा हे सारे जाईल, याची त्यांना हुरहूर लागते. तिसरा एक वर्ग आहे, त्याला मी 'वेळापत्रकवाले' म्हणतो. नवी गाडी जाहीर झाली की हे लोक तिचा रंग पाहत नाहीत. तिच्यामुळे कोणकोणत्या गाड्या कुठे किती मिनिटे थांबतील, याचा हिशेब ते मांडतात. माझ्या मते इतिहासाची साक्ष काढली, तर या तिसऱ्या वर्गाचा प्रश्न सर्वांत मोलाचा ठरतो.

आपल्या घरच्याच उदाहरणापासून सुरुवात करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. त्यानंतर दहा वर्षांत, १८६३ साली, लोहमार्ग बोरघाट चढून गेला. या घाटात दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. रेल्वेच्या दृष्टीने ही जवळजवळ भिंतच. पुढे मुंबई-पुणे मार्गावर वीज आली आणि १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' सुरू झाली. तिच्यावर पुणेकरांचे आणि मुंबईकरांचे इतके प्रेम की, दरवर्षी १ जूनला प्रवासी तिचा वाढदिवस करतात. गाडीचा वाढदिवस! दुसऱ्या कोणत्या वाहनाला हा मान मिळाला असेल?

पण या राणीच्या दरबारात आरंभी कोणाला प्रवेश होता? तीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचा डबाच नव्हता. मुंबईचे धनिक आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन यांची ती गाडी. १९४९ साली तिचा जुना पहिला वर्ग रद्द झाला. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला प्रथम लागला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे गाडी सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षांनी, आणि देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे होत आल्यावर, साध्या माणसाला त्या वेगात बसायला मिळाले. नोकरीसाठी रोज पुणे-मुंबई करणाऱ्यांची ती हक्काची गाडी झाली, ती पुढच्या काळात. तेव्हा आज आपण जिचे प्रेमाने नाव घेतो, ती जन्मतः सर्वांची नव्हती. ती सर्वांची व्हावी लागली.

हीच गोष्ट पुढेही घडली. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपल्या जलद गाड्यांची कमाल मर्यादा ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर होती. साठीच्या दशकात लखनौच्या संशोधन संस्थेत रूळ, चाके, ब्रेक यांचा अभ्यास झाला, चाचण्या झाल्या, आणि मार्च १९६९ मध्ये दिल्ली-हावडा राजधानी एक्सप्रेस सुरू झाली. वेग ताशी १२०. सुमारे १४५० किलोमीटरचा जो प्रवास पूर्वी दिवसरात्र मिळून चोवीस तासांच्या घरात जाई, तो सतरा-साडेसतरा तासांवर आला. पण ही गाडी सबंध वातानुकूलित. सामान्य उतारूला तिचे दर्शन व्हायचे ते फलाटावरून.

या विरुद्ध एक पाऊल पडले, ते कोकणचे प्रतिनिधी मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. ही जलद गाडी होती, पण तीत वरचा वर्ग नव्हता. सर्व उतारू एकाच वर्गाचे. दंडवते यांच्याच काळात दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर मऊ गादी बसवायला सुरुवात झाली. गाडी जलद असायची तर ती महागच असली पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही, हे त्यांनी करून दाखविले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या बिनवातानुकूलित अमृत भारत गाड्या त्याच वाटेने जाणाऱ्या आहेत, असे म्हणता येईल.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत कोण बसले हे समजले, पण बाजूला उभ्या राहिलेल्या गाडीचे काय? ते समजण्यासाठी एक साधे गणित करू. शिक्षकबंधूंनी हे फळ्यावर मांडावे, मुलांना आवडेल. समजा, दोन मोठ्या स्टेशनांत ६० किलोमीटर अंतर आहे. पॅसेंजर गाडी थांबत थांबत सरासरी ताशी ४० किलोमीटरने जाते. तिला दीड तास लागतो. जलद गाडी ताशी १२० ने जाते. तिला अर्धाच तास लागतो. पॅसेंजर सुटल्यावर जलद गाडी लगेच सोडली, तर वाटेत ती पॅसेंजरला गाठणार. म्हणून एक तर जलद गाडी तासभर उशिरा सोडायची, नाहीतर पॅसेंजर मधल्या स्टेशनात बाजूच्या रुळावर काढून ठेवायची. सगळ्या गाड्या सारख्या वेगाने चालल्या असत्या, तर त्या मोकळ्या तासात आणखी पाच-सहा गाड्या सहज निघाल्या असत्या. एकाच रस्त्यावर बैलगाडी आणि मोटार चालते, तेव्हा मोटार कडेने पुढे जाते. रुळावर कडच नसते. त्यामुळे एकाच लोहमार्गावर एका गाडीचा वेग फार वाढविला, तर त्याची किंमत बाकीच्या गाड्या मोजतात.

हे गणित सर्वांत आधी नीट ओळखले ते जपानने. टोकियो ते ओसाका हा जपानचा जुना तोकाईदो मार्ग. साऱ्या देशातील लोहमार्गांच्या लांबीत त्याचा वाटा जेमतेम शेकडा ३, पण देशातले सुमारे एक चतुर्थांश उतारू आणि जवळजवळ तितकाच माल त्यावरून जाई. मार्ग अगदी तुंबला होता. तेव्हा रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी जुन्याच रुळांवर जोर न काढता, जलद गाड्यांसाठी वेगळा, रुंद रुळांचा नवा मार्ग बांधायचे ठरविले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तो सुरू झाला. तोच शिंकान्सेन, ज्याला आपण बुलेट ट्रेन म्हणतो. लांबी ५१५ किलोमीटर, वेग ताशी २१०. साडेसहा तासांचा प्रवास चार तासांवर आला, आणि पुढच्याच वर्षी तीन तास दहा मिनिटांवर. खर्च मात्र अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्यापायी सोगो व शिमा या दोघांनाही उद्घाटनापूर्वीच पद सोडावे लागले.

जगाने त्या गाडीच्या वेगाचे कौतुक केले. पण तिचे दुसरे काम फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. जलद गाड्या नव्या मार्गावर गेल्या, तेव्हा जुना मार्ग मोकळा झाला. त्यावर मालगाड्यांना आणि गावोगाव थांबणाऱ्या गाड्यांना जागा मिळाली. वेगवान गाडीने बाकीच्यांची वाट अडविली नाही, तर मोकळी केली. आपल्याकडेही मालगाड्यांसाठी दादरी ते मुंबईजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर, आणि लुधियाना ते बंगालच्या बाजूला, असे दोन स्वतंत्र मार्ग बांधण्यात आले आहेत. त्यांच्या बहुतेक भागावर मालगाड्या धावू लागल्या आहेत. त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. ज्यांचा वेग वेगळा, त्यांचा मार्ग वेगळा.

मात्र जपानच्याही या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या घाटाशी फार मिळतीजुळती आहे. टोकियोच्या वायव्येस उसुई नावाची खिंड आहे. तिथला चढ दर १५ मीटरला १ मीटर, बोरघाटाच्या दुपटीहून अधिक. म्हणून पायथ्याच्या योकोकावा स्टेशनात प्रत्येक गाडीला जादा इंजिने जोडावी लागत, जशी आपल्याकडे कर्जतला मागून 'बँकर' जोडतात. इंजिने जोडेपर्यंत गाडी थांबणार, आणि गाडी थांबली की उतारूंना भूक लागणार! कर्जतच्या फलाटावर बटाटावडा प्रसिद्ध झाला, तो याच थांब्यामुळे. योकोकावालाही १९५८ पासून मातीच्या लहान मडक्यातला भात विकला जाऊ लागला आणि तो साऱ्या जपानात गाजला. दोन देश, दोन घाट आणि न्याय मात्र एकच!

१ ऑक्टोबर १९९७ रोजी त्या बाजूला नवा शिंकान्सेन मार्ग सुरू झाला, आणि आदल्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, उसुई खिंडीतला जुना मार्ग कायमचा बंद झाला. शेवटच्या गाड्या पाहण्यासाठी रेल्वेप्रेमींची तिथे अलोट गर्दी लोटली. आज योकोकावाला रेल्वेचे संग्रहालय आहे, इंजिने नीट जपून ठेवलेली आहेत. पण खिंड ओलांडायची, तर तिथल्या लोकांना आता बसने जावे लागते. खिंडीपलीकडचा जुना मार्गही राष्ट्रीय रेल्वेच्या वारसदार कंपनीने आपल्याकडे न ठेवता स्थानिक कंपनीच्या हवाली केला. म्हणजे ज्या देशाने वेगवान गाडीने जुना मार्ग मोकळा करून दाखविला, त्याच देशात दुसऱ्या ठिकाणी वेगवान गाडी आली आणि जुना मार्ग गेला. यंत्र तेच, रूळ तेच. फरक पडला तो माणसांनी घेतलेल्या निर्णयाने.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. वंदे भारत गाडी बोरघाट आणि थळघाट मागचे इंजिन न जोडता चढते. ही मोठीच प्रगती आहे. पण मुंबई-सोलापूर हे ४५५ किलोमीटर अंतर कापायला तिला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. भागाकार करून पाहा, सरासरी ताशी ७० किलोमीटर येते. रेल्वेने माहितीच्या अधिकारात दिलेल्या आकड्यांनुसार देशातल्या सर्व वंदे भारत गाड्यांचा सरासरी वेग २०२०-२१ साली ताशी ८४ किलोमीटरवर होता, तो २०२३-२४ साली ७६ वर आला. गाडी दुबळी झाली असा याचा अर्थ नव्हे. अधिक अवघड मार्गांवर, घाटांतून, कोकणासारख्या प्रदेशातून त्या धावू लागल्या, हे त्याचे एक कारण. कोकणात तर पावसाळ्याचे वेळापत्रकच वेगळे असते. तिथे वेगालाही पावसाची आज्ञा मानावी लागते. गाडी कितीही चपळ असो, तिचा खरा वेग ठरवितात ते रूळ, वळणे, चढ, सिग्नल आणि पुढे चाललेली गाडी.

म्हणून कोकण रेल्वेचे एक काम मला कोणत्याही नव्या गाडीपेक्षा कमी महत्त्वाचे वाटत नाही. १९९८ साली पूर्ण खुला झालेला हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. रोहा ते वीर हा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकीचा बहुतेक एकेरीच आहे. समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायची तर मध्ये स्टेशन हवे. अलीकडे या मार्गावर कळंबणी, कडवई, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी काही नवी क्रॉसिंग स्टेशने बांधली गेली. हेतू हा की अधिक गाड्या धावाव्यात आणि त्या कमी रखडाव्यात. पण त्याबरोबर जवळच्या गावांना हक्काचे स्टेशन मिळण्याची सोयही झाली. जलद गाडीसाठी केलेल्या सोयीतून खेड्याची सोय कशी होते, याचा हा नमुना आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. करोनाच्या साथीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा अनेक पॅसेंजर गाड्यांना 'एक्सप्रेस' म्हटले गेले आणि १० रुपयांचे किमान भाडे ३० रुपये झाले. डबे तेच, थांबे जवळजवळ तेच, भाडे मात्र तिप्पट. शाळेला, बाजाराला, दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला रोजच्या रोज हा फरक जाणवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाडे पुन्हा पूर्ववत करण्यात आले. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्याहून सुटू लागली, ती पुन्हा दादरला न्यावी म्हणून कोकणातल्या प्रवासी संघटना मागणी करीत राहिल्या. अशा बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात. नव्या गाडीचे उद्घाटन पहिल्या पानावर येते.

बुलेट ट्रेनविषयीही हेच म्हणावे लागेल. १४ सप्टेंबर २०१७ रोजी तिची कोनशिला बसली, तेव्हाचा अंदाजी खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये. महाराष्ट्रात तिची चार स्टेशने आहेत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल, मग ठाणे, विरार आणि बोईसर. पालघर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी जमिनीसाठी विरोध केला, तो मोबदल्यापुरताच होता असे समजू नये. आपल्या शेतातून जी गाडी जाईल, ती आपल्यासाठी थांबेल का, हाही प्रश्न त्यात होता. या मार्गाने जुन्या पश्चिम रेल्वेवरचा भार हलका झाला आणि डहाणू, पालघरच्या साध्या गाड्यांना जागा मिळाली, तर तो तोकाईदोचा धडा ठरेल. तसे झाले नाही, तर ती उसुईच्या वाटेने गेली असे म्हणावे लागेल.

शेवटी एका अशा गाडीची आठवण करू, जिला वेगाचे काही कौतुकच नव्हते. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फूट रुंदीचे रूळ, लहानसे डबे. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोहोचली. वारकऱ्यांची, शेतमालाची, बाजारकऱ्यांची ती गाडी. स्वातंत्र्यानंतर ती सरकारने घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिचे अरुंद रूळ काढून मोठे रूळ टाकले गेले. तेव्हा त्या कामाची फारशी वाहवा झाली नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूर पाण्यावाचून तडफडत होते, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली गाडी ३४२ किलोमीटर चालून लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मोठे रूळ आधीच पडले नसते, तर ती गाडी तिथवर पोहोचलीच नसती. तिचा वेग किती होता, हे लातूरच्या कोणी विचारले नाही. ती आली, एवढेच पुरे होते.

श्रोते हो, वेग वाईट नाही. आजारी माणसाला, परीक्षेला जाणाऱ्या मुलाला, नाशवंत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला वेगाची गरज शहरातल्या माणसाइतकीच आहे. पण इतिहास असे सांगतो की, वेगवान गाडी सर्वांची होते ती आपोआप होत नाही. तिच्यात तिसऱ्या वर्गाचा डबा कोणीतरी लावावा लागतो, तिच्यासाठी वेगळा रूळ कोणीतरी टाकावा लागतो, आणि तिच्या वाटेवरच्या लहान स्टेशनासाठी कोणीतरी भांडावे लागते. शिक्षकबंधूंना माझी एक सूचना आहे. आपल्या जवळच्या स्टेशनाचे वेळापत्रक वर्गात आणा. मुलांना प्रत्येक गाडीचा सरासरी वेग काढायला सांगा, आणि कोणती गाडी कोणासाठी किती मिनिटे थांबते तेही मोजायला सांगा. भूगोल होईल, गणित होईल, आणि नागरिकशास्त्रही होईल. मग एखादी नवी गाडी जाहीर झाली, की ही मुले तिचे कौतुक तर करतीलच, पण तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या गाडीची चौकशीही करतील. रेल्वेवर प्रेम करणाऱ्याला हे दोन्ही करता आले पाहिजे.